घर आधी परवडावे, मग शोभावे

बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण शाळेत अर्थासह पाठ केलेली आहे. ही दोन कामे माणसाची परीक्षा पाहतात, एवढाच तिचा अर्थ गुरुजींनी सांगितला होता. परंतु आपल्या भागात या दोन परीक्षा वेगवेगळ्या राहिलेल्या नाहीत. मुलाचे लग्न जमावे म्हणून घर बांधायचे, घर बांधायचे म्हणून कर्ज काढायचे आणि त्या कर्जातून मान वर काढण्याआधीच दुसऱ्या मुलाचे लग्न येऊन उभे राहायचे, असा हा रहाट आहे. याच मराठीत ‘बडा घर पोकळ वासा’ अशीही एक म्हण आहे, पण ती आपण शेजाऱ्याच्या घराला लावतो, स्वतःच्या घराला लावत नाही.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. घराचा आनंद त्याच्या आकारात नसतो आणि स्लॅबमध्येही नसतो. ज्या घराची किंमत घरातल्या माणसांना पेलवते, त्या घरातच आनंद राहू शकतो. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्या कुटुंबाने मोठे घर विकून लहान घर घेतले, त्यास आता तीन वर्षे झाली. गावाने याला ‘खाली येणे’ म्हटले. ते खरोखर खाली येणे होते काय, याचा विचार सुज्ञ वाचकांनी माझ्याबरोबर करावा, अशी विनंती आहे.

आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत विभागलेला आहे. घाटाखाली कापूस, घाटावर आता बहुतेक सोयाबीन. दोन्हीकडे शेती मुख्यतः पावसाच्या भरवशाची आणि भाव परक्याच्या हातात. ही गोष्ट आजची नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. कापूस वाहून नेण्यासाठी जलंब ते खामगाव ही रेल्वे १८७० मध्ये सुरू झाली, तेव्हा तेजीचे ते दिवस मागे पडले होते. पिकाचा भाव हजारो कोसांवर ठरतो आणि त्याचा फटका आपल्या ओसरीवर बसतो, हा धडा आपल्या आजोबा-पणजोबांनी दीडशे वर्षांपूर्वीच घेतलेला आहे. तरी एक चांगले साल आले की आपण घराचा पाया खोदायला घेतो. का? कारण शेतातले कष्ट कोणाला दिसत नाहीत, बँकेतले पैसे दिसत नाहीत. दिसते ते घर. आणि आपल्याकडे माणसाची पत डोळ्यांनी मोजतात.

आमचे गाव चिखली तालुक्यातले. वडिलांची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. २०१७ मध्ये त्यांनी रस्त्याच्या कडेच्या प्लॉटवर तीन खोल्यांचे स्लॅबचे घर बांधले. साठवलेले होते ते पाया आणि भिंतींतच संपले. स्लॅब, फरशी आणि रंग यांसाठी चार लाख रुपये एका खाजगी माणसाकडून शेकडा तीन रुपये महिन्याने घेतले. वरवर पाहता ‘शेकडा तीन’ हा शब्द फार गरीब वाटतो. बारा महिन्यांनी गुणले की तो ३६ टक्के होतो. चार लाखांवर महिन्याला बारा हजार, म्हणजे वर्षाला १,४४,००० रुपये नुसते व्याज!

आता दुसरी बाजू पाहा. २०१८ च्या हंगामात सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,३९९ रुपये जाहीर केला होता. आमच्या पाच एकरांत चांगल्या साली पस्तीस क्विंटल सोयाबीन होते. म्हणजे सगळा माल हमीभावाने गेला असता, तरी हातात १,१८,९६५ रुपये आले असते. बियाणे, खत, फवारणी, सोंगणी आणि मळणी यंत्राचे पैसे यात वजा केलेले नाहीत. सारे पीक सावकाराच्या ओट्यावर नेऊन टाकले, तरी व्याज फिटत नव्हते. त्यातही २०१८ हे चांगले साल नव्हतेच. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. हा हिशेब मी बारावीत असताना वहीच्या मागच्या पानावर मांडला. पाचवी-सहावीच्या गणिताने तो सुटतो, पण घर बांधताना तो कोणी मांडत नाही.

पुढे काय झाले, ते सांगण्याची फारशी गरज नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ते घडलेले आहे. स्लॅबचे घर होते, दारावर रंगीत तोरण होते, आणि आत कोणी कोणाशी बोलत नव्हते. वडील रात्री गच्चीवर फेऱ्या घालीत. आई जागीच असे. मोटरसायकलचा आवाज झाला की आम्ही भावंडे एकमेकांकडे पाहत असू, कारण वसुलीला येणारा माणूस मोटरसायकलवर येई. परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. पण ज्याच्याकडून अडचणीत पैसे घेतले, त्याच्याविरुद्ध कागद करायला गावात कोणाची जीभ वळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

वाचकहो, आपला बुलढाणा जिल्हा कोणत्या यादीत आहे, हे आपण सारे जाणतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ च्या जुलै महिन्यात पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि आपला बुलढाणा. माझा जन्म त्याच वर्षीचा. म्हणजे माझी पिढी ही या यादीबरोबरच वाढली. त्यामुळे वडील गच्चीवर फेऱ्या घालू लागले, तेव्हा आईच्या मनात काय आले असेल, हे तिने कधी बोलून दाखवले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात एके दिवशी तिने सरळ सांगितले, “घर इकून टाका. वावर इकायचं नाही, अन् पोरीची शाळा बंद करायची नाही. राह्यलं काय? घर. ते इका.”

मला हे वाक्य एखाद्या अर्थशास्त्रज्ञाच्या तोडीचे वाटते. जमीन उत्पन्न देते, शिक्षण उद्या उत्पन्न देईल. घर मात्र, आणि तेही कर्जाचे घर, उत्पन्न खाते. तीन वस्तूंपैकी कोणती सोडायची, हे कधी शाळेत न गेलेल्या माझ्या आईला कळले.

घर प्लॉटसह नऊ लाखांना गेले. मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून साडेसहा लाख फेडले. उरलेल्या अडीच लाखांतून जुन्या गावठाणातले एक घर एक लाख दहा हजारांना घेतले. त्या घरचे लोक पुण्याला कामधंद्यासाठी गेले आणि तिकडचेच झाले. घर बरीच वर्षे कुलुपात होते. दुरुस्तीला ४५ हजार लागले. ९५ हजार रुपये आईच्या नावाने बँकेत ठेवले. त्यातूनच धाकट्या भावाची आयटीआयची फी आणि माझा बसचा पास निघतो. आणखी एक गोष्ट झाली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नव्या घराला आईचे नाव लागले. पहिल्या घराला वडिलांचेच होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून शेतकऱ्यांना आपण होऊन जमीन बायकोच्या नावे करण्याचे आवाहन केले होते, असे पुढे आमच्या सरांनी वर्गात सांगितले. आमच्या घरी ती मोहीम कधी पोहोचली नव्हती. ‘आता घर तिच्या नावावर असू दे, म्हणजे मला गहाण टाकता येणार नाही,’ असे वडीलच म्हणाले.

आता या घराविषयी. उगाच गोडवे गायचे नाहीत, असे मी ठरविले आहे. गरिबीचे कौतुक करणारे लेख आपण वाचतो, पण ते लिहिणारे बहुधा गरिबीतून केव्हाच बाहेर पडलेले असतात. आमचे घर तीन खणांचे आहे. मातीच्या भिंती, हातभराहून जास्त जाड. वर धाबे होते, म्हणजे लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पहिल्याच पावसात ते तीन ठिकाणी गळले. भिंतीत उंदरांची बिळे होती, न्हाणीला दार नव्हते, आणि शौचालय तर नव्हतेच. दुरुस्तीच्या पैशांतला मोठा वाटा शौचालयात गेला. ते आधी झाले पाहिजे, हा हट्ट माझा होता. लहान घरात सुख असते, हे मी मान्य करीन. पण पहाटे अंधारात डबा घेऊन जाण्यात कसलेही सुख नसते, हे बायकांना विचारा.

धाबे ठेवावे की उतरवावे, यावर घरात वाद झाला. आजीचे म्हणणे, धाब्यासारखा गारवा कशाला नाही. पण गवंडी दादांनी किल्लारीची आठवण काढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात जो भूकंप झाला, त्यात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली झोपेतच गाडली गेली. शेवटी माती उतरविली आणि टिन टाकले. टिन उन्हात तापते, म्हणून त्याखाली आपल्याच शेतातल्या तुराट्यांची ताटी बांधली. भिंती जाड असल्याने मे महिन्यातही दुपारी आत बसवते. स्लॅबच्या घरात रात्री अकरापर्यंत छत आग ओकत असे. हा फरक आम्हाला विकतच्या कुलरशिवाय मिळाला.

आनंद कशात आहे, असे कोणी विचारले, तर मी मोठी गोष्ट सांगू शकणार नाही. वडिलांना झोप लागते. मोटरसायकलचा आवाज आता नुसता मोटरसायकलचाच असतो. जुन्या घरी आजी रस्त्याकडेला एकटी बसून असे. इथे गावठाणात तिच्या वयाच्या चार-पाच म्हाताऱ्या ओट्यावर जमतात आणि गावातली कोणतीही बातमी आमच्या घरी आधी कळते. माझ्यासाठी अभ्यासाची वेगळी खोली नाही. मधल्या खणात एक पत्र्याची पेटी आहे, तीच माझे टेबल. परंतु जुन्या घरात मला वेगळी खोली होती आणि तिथे माझे अक्षरावर लक्ष लागत नसे, कारण पलीकडच्या खोलीत आकडे कुजबुजत. आजी म्हणते, “पोरी, घर गेलं, मानूस राह्यला ना!” आमच्या आनंदाची एवढीच व्याख्या आहे. ती कोणाला लहान वाटली, तर वाटो.

यावर आक्षेप येतील, आणि ते यावेत. माझ्या एका मैत्रिणीने हे ऐकून विचारले, “जे हातचे गेले, त्याचीच ही समजूत नव्हे काय?” प्रश्न योग्य आहे. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही गोष्ट आपणही वाचलेली आहे. आपण होऊन लहान घरात राहणे वेगळे आणि परिस्थितीने ढकलल्यामुळे राहणे वेगळे. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले आणि तिथल्याच माती-बांबूने बांधलेल्या कुटीत राहिले. (त्या गावाचे नाव आपल्या शेगावशी इतके जुळत असे की टपालाचा घोटाळा होई; म्हणून १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले.) गांधीजींना मोठे घर मिळू शकत होते, त्यांनी ते घेतले नाही. आम्हाला तसा पर्याय नव्हता. तेव्हा त्यागाचा मान आम्ही मागत नाही. परंतु ढकलले गेल्यावर जिथे पोहोचलो, तिथे डोळे उघडून पाहण्याचा हक्क तरी आम्हाला आहे. तुकोबांच्या घरची सावकारी होती. दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले. ते काही त्यांनी निवडलेले नव्हते. मात्र त्यानंतर लोकांची कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे सांगतात, ते त्यांनी निवडले. संकट निवडता येत नाही. संकटानंतरचा हिशेब आपला असतो.

शिवाय, कमी खर्चाचे घर म्हणजे हलके घर, हीही एक चुकीची समजूत आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि केरळमध्ये आयुष्य घालवलेले लॉरी बेकर (१९१७–२००७) हे नामवंत वास्तुशिल्पकार. घर शक्यतो जवळपास मिळणाऱ्या वस्तूंनीच बांधावे, हा विचार गांधीजींकडून घेतल्याचे ते सांगत. विटांच्या मध्ये पोकळी ठेवून भिंत रचण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तिने विटा सुमारे चौथाईने वाचतात आणि घरही थंड राहते. त्यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे थोड्या पैशांत चांगले घर बांधणे ही बुद्धीची गोष्ट आहे, लाजेची नव्हे. आपल्याकडे मात्र ज्याला मातीची भिंत लिंपता येते, तो मागासलेला ठरतो; आणि ज्याला कर्ज काढता येते, तो पुढारलेला!

दुसरा आक्षेप लग्नाचा. तो अधिक बोचतो, कारण तो माझ्या घरी चहा पिऊन गेलेला आहे. गेल्या वर्षी एक स्थळ आले. पाहुण्यांनी मला काय शिकते, ते विचारले नाही. भिंतीवरून, टिनावरून नजर फिरविली, ‘घर हेच का?’ असे वडिलांना विचारले आणि ‘कळवतो’ म्हणून गेले. अजून कळवत आहेत! वडील त्या रात्री जेवले नाहीत. मला वाईट वाटले, पण वेगळ्याच कारणाने. हे पाहुणे आमच्या जुन्या घरी आले असते, तर तोरण पाहून खूष झाले असते. त्या तोरणामागचे साडेसहा लाख त्यांना दिसले नसते. याचा अर्थ असा, की आपला समाज कर्जबाजारी माणसाला मुलगी देतो-घेतो आणि कर्ज फेडलेल्या माणसाला नाकारतो. ‘घर फिरले की वासेही फिरतात’ म्हणतात. आमच्या घराचे वासे जागेवर आहेत. फिरली ती पाहुण्यांची नजर.

तिसरा आक्षेप आमच्या एका प्राध्यापकांनी घेतला, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ते म्हणाले, “गरिबांनी लहान घरात सुख मानावे, असे तुम्हीच लिहू लागलात, तर सरकारचे काम सोपे होईल.” सरांचे म्हणणे मी नाकारीत नाही. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिच्यात सपाट भागातील घराला १,२०,००० रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरविण्यात आले. एवढ्या पैशांत घर कसे उभे राहते, हे ज्याने विटांचा भाव विचारला आहे, त्यालाच विचारावे. मग लाभार्थी पदरचे, म्हणजे पुन्हा कर्जाचे, घालतो आणि घरकुल हेच नव्या कर्जाचे कारण होते. माझा लेख म्हणजे लहान घराची जाहिरात नव्हे. परवडणारे घर हा माणसाचा हक्क आहे आणि तो मागून, भांडून घ्यावा लागतो, असेच माझे म्हणणे आहे.

याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोलापूरच्या विडी कामगार बायका वर्षानुवर्षे भाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांत विड्या वळीत. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था केली, मोर्चे काढले, दिल्लीपर्यंत पाठपुरावा केला, आणि सोलापूरजवळ कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तिचे उद्‌घाटन झाले. पैसा केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार बाई अशा तिघांच्या वाट्याने उभारला गेला. वसाहतीला नाव दिले ते कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांचे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. पुढे असंघटित कामगारांसाठी तिथेच रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प झाला आणि त्यातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. ही घरे लहानच आहेत. पण विडी वळणारी बाई ज्या घराचा हप्ता आपल्या हातांच्या कमाईतून देऊ शकते, ते घर तिच्यासाठी एखाद्या वाड्याहून कमी आहे काय? सुख मानून घेणे आणि सुखाची किंमत आपल्याला पेलेल अशी करून घेणे, यांत फरक आहे. सोलापूरच्या बायकांनी दुसरी गोष्ट केली.

हा प्रश्न केवळ आपल्या कोरडवाहू मुलखाचा आहे, असेही नाही. श्रीमंत म्हणविणाऱ्या अमेरिकेत लाखो लोकांनी न पेलणारी कर्जे काढून घरे घेतली, बँकांनी ती आनंदाने दिली, आणि सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्ससारखी दीडशे वर्षांहून जुनी संस्था बुडाली. घरे जप्त झाली, माणसे रस्त्यावर आली आणि त्याचे हादरे साऱ्या जगाला बसले. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे केवळ आजीने सांगितलेले जुने शहाणपण नसून जगाच्या अर्थकारणाचाही तोच नियम आहे.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या संत गाडगेबाबांनी राज्यभर धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःसाठी घर बांधले नाही. कर्ज काढून सण करू नका आणि प्रसंगी जेवणाचे ताट विका पण मुलांना शाळेत घाला, असे ते कीर्तनांतून लोकांना बजावीत. माझ्या आईने त्यांचे कीर्तन ऐकलेले नाही. ते १९५६ मध्येच गेले. तिने ताट विकले नाही, घर विकले, एवढाच फरक. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ही पायरी त्या विकलेल्या घराच्या विटांचीच आहे, असे मी मानते.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना माझे काही सांगणे आहे. उद्या आपण नोकरीला लागू, किंवा शेती करू, आणि घर बांधायला काढू. तेव्हा नकाशा काढण्याआधी एका कागदावर वर्षाचे उत्पन्न आणि वर्षाचे व्याज शेजारी शेजारी लिहा. तो कागद घरातल्या बायकांना वाचून दाखवा. वाचता येत नसेल, तर समजावून सांगा, कारण शेवटी निर्णय त्यांनाच निस्तरावा लागतो. घर बांधाल त्यावर पत्नीचे किंवा आईचे नाव लावा. तोरणाआधी शौचालय बांधा. आणि जे मुलगे पुढे वधू पाहायला जातील, त्यांनी छताकडे पाहण्याआधी एवढे विचारावे, की या घरावर कोणाचे देणे आहे काय? मुलींनीही हाच प्रश्न उलट विचारावा. मी विचारणार आहे.

राहिला प्रश्न लोक काय म्हणतील, याचा. लोक म्हणतात. आमच्या गावात आजही कोणी नवा माणूस आला, तर आमचे जुने घर दाखवून ‘हे आधी यांचे होते’ असे सांगतात. पूर्वी वडील अशा वेळी मान खाली घालीत. आता ते म्हणतात, “होते खरे. आता देणे नाही.” आणि सोयाबीनचा काय भाव निघाला, ते विचारू लागतात.